शुद्धिपत्र

आमच्या धंद्यात शुद्धिपत्राइतका नामुष्कीचा कागद दुसरा नाही. पुस्तक छापून, बांधून, गठ्ठे होऊन आलं की कुणाला तरी पान त्रेपन्नावरची चूक दिसते. मग एक चिठोरं छापायचं आणि प्रत्येक प्रतीत चिकटवत बसायचं. पान अमुक, ओळ तमुक, अशुद्ध, शुद्ध. सव्वीस वर्षं मी पुण्यात मुद्रितं तपासते. माझ्या हातून गेलेल्या पुस्तकांना तीनदा शुद्धिपत्र जोडावं लागलं आणि तिन्ही वेळा मला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

म्हणून पैठणचं नाव निघालं की बाकीच्यांना पैठणी आठवते आणि मला शुद्धिपत्र. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई ही संन्याशाची पोरं आईबापांच्या मागे पैठणला गेली ती याच कागदासाठी. आम्हाला शुद्ध करून घ्या, असं लिहून द्या. परंपरेने त्या कागदाचा शक १२०९ सांगितला जातो, म्हणजे इसवी सन १२८७. एकच शब्द सातशे वर्षांत माणसांवरून छपाईच्या चुकांवर उतरला, ही मी प्रगती मानते.

माझी आत्या पैठणला असते. दरवर्षी फाल्गुनात, नाथषष्ठीच्या यात्रेआधी, तिचा फोन येतो, "षष्ठीला येती का?" दरवर्षी मी मार्चअखेरच्या पुस्तकांचं कारण सांगते. सरकारी खरेदीची पुस्तकं याच महिन्यात धावत सुटतात, त्यामुळे कारण अगदीच खोटं नसतं. यंदा मात्र गेले. ऑफिसातली एक मैत्रीण नुकतीच हंपीहून आली होती, पाचशे फोटो घेऊन. मी पैठणला निघालेय म्हटल्यावर तिने विचारलं, "तिथे बघण्यासारखं काय आहे?"

हा प्रश्न अन्यायाचा नाही. सातवाहनांची राजधानी, दक्षिण काशी, संतांचं गाव ही बिरुदं मोठी आहेत, पण कॅमेरा काढावा असं उभं फार थोडं आहे. हंपीला राजधानी पडली ती दगडांसकट दिसते. पैठणची राजधानी जमिनीत गेली आहे. जुन्नरकर तर राजधानी मुळात आपल्याकडेच होती असाही दावा लावतात. त्यात मी पडत नाही. माझं आडनाव दोन्हीकडचं नाही.

संभाजीनगरहून पैठण पन्नास-पंचावन्न किलोमीटर. चितेगाव, बिडकीन, ढोरकीन अशी गावं घेत एसटी जाते. गाडी कुठे डायव्हर्जनवर, कुठे खडीवर चालली होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासूनच्या व्यापाराची टिपणवही लिहून ठेवली आहे, तिच्यात हे गाव 'पैठाना' म्हणून येतं. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांची वाट, अकीक दगड मुबलक. तिथून पूर्वेला आणखी दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर. माल गाड्यांवर लादून, जिथे रस्ता म्हणून नाही अशा मुलखातून भडोचला उतरवतात, असं तो लिहितो. ढोरकीनच्या अलीकडे माझ्या शेजारच्या आजोबांनी कपाळ खिडकीवर आपटल्यावर काढलेले उद्गार साधारण याच आशयाचे होते.

पुढच्या शतकात टॉलेमीने भूगोल लिहिला त्यात 'बैठन' आहे आणि तिथल्या राजाचं नावही आहे. सिरि पुळुमावी या नावाचा त्याने 'सिरोपोलेमायोस' असा काहीतरी ग्रीक अवतार केला आहे. परक्या नावांचं काय होतं हे मी रोज बघते, त्यामुळे रागावले नाही. प्रतिष्ठानचं पतिट्ठाण, त्याचं पैठाण, त्याचं पैठण. घरच्यांच्या तोंडी नाव झिजतं, परक्यांच्या तोंडी ते मोडतं.

आत्या दारातच उभी होती. पायावर पाणी घाल म्हणाली आणि मी वाकले तोवर दुसरा प्रश्न, "कामून गं एवढी वाळलीस?"

कामून. का म्हणून. हा शब्द मी सतराव्या वर्षी पुण्यात कॉलेजात बोलले तेव्हा बाकावरच्या चौघी हसल्या होत्या. वाईट हसल्या नव्हत्या, एखाद्या लहान मुलाच्या बोबड्या शब्दाला हसतात तशा. तीन महिन्यांत मी तो शब्द टाकला. 'व्हतं' टाकलं, 'म्या' टाकलं, 'लई' मात्र लोकांना गोड वाटायचं म्हणून अधूनमधून काढायची, पाहुण्यांसाठी राखलेल्या कपबशीसारखं. पुढे शुद्धलेखनाच्या जोरावर नोकरी लागली. आता मी दुसऱ्यांचं 'कामून' खोडते आणि त्याचे पैसे घेते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने तिच्या नातवाला माझ्याबरोबर दिलं. तो पॉलिटेक्निकला आहे, मला मोटारसायकलवर मागे बसवून त्याने गाव दाखवलं. पहिल्यांदा पालथी नगरी. हे नाव मला पैठणातल्या कुठल्याही देवळापेक्षा मोठं वाटतं. नगरी पालथी पडली, म्हणजे कुणीतरी भरलेलं ताट उलटं करावं तशी. प्रत्यक्षात टेकाडं आहेत, मधे बाभळी, कडेला घरं, आणि मातीत खापरंच खापरं. निजामाच्या पुरातत्त्व खात्याने १९३० नंतरच्या दशकात इथे खोदलं, स्वातंत्र्यानंतरही उत्खननं झाली. नाणी, मणी, भाजल्या मातीच्या बाहुल्या, विटांचं बांधकाम निघालं. एका पावसाळ्यानंतर टेकाडाच्या उतारावर मणी सापडतात म्हणून पोरं फिरायची, असं आत्या सांगते. तिच्या देवघरात एक लालसर मणी आहे, बोराएवढाही नाही. तो अकीकच असावा. भोक इतकं सरळ आहे की त्यातून दोरा ओवताना सुई लागत नाही.

मी एक खापर उचललं आणि परत ठेवलं. नेऊ नये हे कळतं, पण ठेवताना हात जड झाला हे कबूल करते.

शालिवाहनाची गोष्ट या मातीचीच आहे. कुंभाराच्या घरी वाढलेला पोरगा, बाप नागराज शेष. त्याने मातीचे हत्ती, घोडे, शिपाई केले, त्यांच्यावर अमृत शिंपडून त्यांना जिवंत केलं आणि विक्रमादित्याला हरवलं. त्या विजयापासून शक सुरू झाला आणि आपण गुढ्या उभारतो, हे शाळेपासून ऐकत आलो. इतिहासाची माणसं म्हणतात, इसवी सन ७८ ची ती कालगणना शकांच्या नावाची, तिला शालिवाहनाचं नाव लागलं ते हजारभर वर्षं उलटून गेल्यावर. म्हणजे ज्यांच्याशी सातवाहन लढले त्यांचंच नाव आणि सातवाहनांचं नाव एका जोडशब्दात आपण दरवर्षी पंचांगाच्या पहिल्या पानावर छापतो. शालिवाहन शके. इतकी निवांत चूक माझ्या हातून राहिली असती तर मी नोकरी सोडली असती. इथे कुणी सोडली नाही आणि ते बरंच झालं.

जवळच तीर्थखांब आहे. शालिवाहनाचा विजयस्तंभ म्हणून दाखवतात. कोरीवकाम इतकं दाट आहे की दगडाला मोकळं म्हणून कुठे सोडलेलं नाही. ती धाटणी मला तरी सातवाहनांच्या कितीतरी नंतरची वाटली. नातवाने फोटो काढला, मग स्वतःचा काढला. मौलाना साहेबांच्या दर्ग्याकडून एक बाई हातात फुलांची पुडी घेऊन येत होती, तिने आत्याची चौकशी केली. गाव लहान आहे. बाळासाहेब पाटील यांच्या नावाचं सरकारी संग्रहालयही इथे आहे. ज्यांना टेकाडावर काही दिसत नाही त्यांनी तिथल्या बाहुल्या आणि नाणी बघावीत. सातवाहनांची शिशाची नाणी मला आवडतात. सोन्याचा तोरा नाही. बाजारात भाजी घ्यायला निघालेल्या माणसाच्या हातातलं वाटावं असं नाणं, आणि त्यावर सोंड उचललेला हत्ती.

उन्हं चढायच्या आत नागघाटावर गेलो. ज्यासाठी मी आले होते ती जागा ही.

घाट दगडी, पायऱ्या झिजलेल्या. गोदावरीला तेव्हा पाणी बेताचंच होतं. वर जायकवाडी धरण आहे, खाली नदी मोकळी सुटत नाही. षष्ठीच्या यात्रेला वारकऱ्यांना स्नान घडावं म्हणून धरणातून पाणी सोडतात. कडेला जलपर्णीचा हिरवा थर, त्यात अडकलेली एक चप्पल, आणि तीन म्हाताऱ्या पायरीवर बसून घागरी घासत होत्या. रेड्याने वेद म्हटले ते इथे.

गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, तरी तिच्यातली एक बारीक जागा निसटते. धर्मपीठापुढे ज्ञानदेवांचं नाव विचारलं गेलं. ज्ञानदेव, म्हणजे ज्ञानाचा देव. तेव्हा कुणीतरी समोरून पखाल घेऊन चाललेल्या रेड्याकडे बोट दाखवून म्हणालं, नावात काय आहे, त्या रेड्याचंही नाव ज्ञाना आहे. हा टोमणा होता. त्यांनी तो टोमणा म्हणून घेतलाच नाही. होय, त्याच्यात आणि माझ्यात भेद नाही, म्हणाले, आणि रेड्याच्या डोक्यावर हात ठेवला. चमत्कार मी बाजूला ठेवते. माझ्या लेखी त्या दुपारचा मुद्दा उच्चारांचा आहे. कोणाच्या तोंडी कोणते शब्द शोभतात, हे ठरवायला जे बसले होते त्यांना पखालीच्या रेड्याच्या तोंडून स्वरांसकट ऐकावं लागलं. त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यात आळ्याला आहे, लोक दर्शनाला जातात. समोर बसून ऐकणाऱ्यांच्या समाध्या कुठे आहेत, कोण जाणे.

बरं, हे भांडण तेव्हाचंही नाही. पैठणात ते त्याच्या हजार वर्षं आधीपासून चालू असल्याच्या खुणा आहेत. कथासरित्सागरातली गोष्ट आहे. सातवाहन राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करत होता. एका राणीला पाण्याचा मारा सोसेना, ती म्हणाली, "मोदकैः ताडय." मा उदकैः, म्हणजे पाण्याने नको. राजाने ऐकलं मोदक. त्याने लगेच ताटभर मोदक मागवले. राणी हसली आणि म्हणाली, पाण्यात मोदकांचं काय काम, तुला साधा संधी सोडवता येत नाही? राजा अंथरुणाला खिळला. मला संस्कृत येत नाही, मी कसला राजा!

पुढे दोन पंडित. गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षांत शिकवतो. दुसरा म्हणाला, सहा महिन्यांत. गुणाढ्याने पैज लावली की तसं झालं तर संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडीन. तो हरला. मग रानात जाऊन पैशाचीत, म्हणजे पिशाचांच्या भाषेत, त्याने सात लाख श्लोकांची कथा रक्ताने लिहिली. राजाने ती भाषा ऐकून नाक मुरडलं. गुणाढ्य एकेक पान वाचून आगीत टाकत गेला, रानातली जनावरं चरायचं सोडून रडत ऐकत राहिली, आणि राजा धावत आला तोवर एकच लाख उरले होते.

मी ही गोष्ट नागघाटाच्या पायरीवर बसून नातवाला सांगितली. मोदकांपाशी तो खूप हसला. मग म्हणाला, "आमच्या व्हायव्हाला असंच होतं, इंग्लिशमध्ये." आणि दगड फेकून जलपर्णीतली चप्पल सोडवायचा प्रयत्न करू लागला.

गंमत अशी की त्याच घराण्यातल्या हाल राजाच्या नावावर प्राकृतातल्या सातशे गाथा आहेत. संस्कृत येईना म्हणून आजारी पडणारा राजा गोष्टीतला आणि गावातल्या बायाबापड्यांचं बोलणं गोळा करणारा राजा ग्रंथातला, दोन्ही सातवाहनच. गाथांमध्ये गोदावरी 'गोला' आहे. त्यात शेत राखणाऱ्या पोरी आहेत, पावसात चिखल तुडवणारे वाटसरू आहेत. एकीत बाई घरी उतरलेल्या पांथस्थाला बजावते की सासू इथे झोपते, मी तिथे, उजेड आहे तोवर बघून ठेव, रातांधळ्या, नाहीतर माझ्याच अंथरुणावर येऊन पडशील. चिक्खल्ल, पोट्ट, तुप्प असे शब्द प्राकृतात वाचले की दोन हजार वर्षांपलीकडून कुणी तरी स्वैपाकघरातून बोलतंय असं वाटतं. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्याच्या पुराव्यांत या गाथांचा मोठा वाटा होता. त्या दिवशी आमच्या ऑफिसात पेढे वाटले आणि दारावर फलक लागला. फलकावर 'आभिजात' होतं. मी खुर्चीवर चढून काना खोडला.

जैनांचं देऊळ धावत पाहून चालत नाही, पण मी तसंच पाहिलं. विसावे तीर्थंकर मुनिसुव्रतनाथ, काळी वालुकामय मूर्ती. देशभरातून लोक येतात, शनिवारी अमावास्या आली की जास्तच. श्वेतांबर परंपरेत या गावाची एक आठवण सांगतात. भाद्रपद शुद्ध पंचमीला पर्युषण पर्वाची समाप्ती, म्हणजे संवत्सरी, असायची, पण पैठणात त्याच दिवशी इंद्राचा उत्सव. राजाला दोन्ही साधायचं होतं. त्याने कालकाचार्यांना विनंती केली आणि त्यांनी संवत्सरी एक दिवस अलीकडे, चतुर्थीला आणली. गावच्या जत्रेसाठी धर्माने तारीख बदलली, हे किती समजूतदारपणाचं आहे! बौद्धांचं इथे आज काही दिसत नाही, पण पितळखोऱ्याच्या लेण्यात पैठणच्या एका मितदेवाने दिलेल्या दानाचा लेख आहे. तो गंधिक होता, सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. राजांपेक्षा मला हा अत्तरवाला जवळचा वाटतो.

धरण आणि ज्ञानेश्वर उद्यान यांबद्दल फार सांगत नाही. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी लोकार्पण केलं. मातीचं धरण, सत्तावीस दरवाजे, पलीकडे नाथसागर, समुद्रच. शंभराहून जास्त गावं त्यात गेली आणि त्यातल्या कुणाची तरी सून, कुणाची तरी सासू पैठणच्या प्रत्येक गल्लीत भेटते. जायकवाडी हे गाव मात्र बीड जिल्ह्यातलं. आधीची योजना तिथली होती. धरण पैठणला आलं, नाव तिथलंच राहिलं. या चुकीचंही शुद्धिपत्र कुणी काढलं नाही.

पैठणीच्या मागाजवळ अर्धा तास उभी राहिले. विणणाऱ्या बाई तिशीच्या असतील. पदरावरचा मोर चालू होता. प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली, बोटाएवढी, ती ताण्यातल्या मोजलेल्या दोऱ्यांमधून घालायची, शेजारच्या रंगात अडकवायची, परत आणायची. मोराच्या मानेचा निळा संपून हिरवा लागतो तिथे त्यांनी दोन वेळा दोरे मोजले. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मीही मुद्रितं वाचताना असेच ओठ हलवते. पैठणी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, उलटी बाजू म्हणून लपवायला जागाच नसते. मी विचारलं, चूक झाली तर? "उसवायचं," त्या म्हणाल्या. किती? "जिथवर चुकलं तिथवर." आणि उशिरा लक्षात आलं तर? त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच मान वर करून पाहिलं. "उशिरा येऊच द्यायचं नाही, ताई."

मला मात्र एकदा उशिराच लक्षात आलं होतं. मराठवाड्यातल्या एका लेखकाचं पुस्तक होतं, नवा माणूस. कथा त्याच्या गावच्या. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत, पण बोली एकसारखी नव्हती. एकाच पानावर 'व्हतं' आणि 'होतं'. मी एकसारखं करायला घेतलं आणि करता करता सगळं 'होतं' केलं. 'कामून'चं 'का' केलं. काम चोख झालं, मालकांनी कौतुक केलं. पुस्तक हातात पडल्यावर त्या लेखकाचा फोन आला. ओरडला नाही. म्हणाला, "ताई, तुम्ही माझ्या आईला पुण्याला नेऊन सोडलं." मी काहीतरी नियमांचं बोलले. त्याचं पुढचं पुस्तक आमच्याकडे आलं नाही. अशा गोष्टीला चिठोरं चिकटवता येत नाही. पान एक ते दोनशे आठ, सगळ्याच ओळी.

नाथांच्या वाड्यात शिरताना हे डोक्यात होतं, कारण एकनाथ हे आमच्या धंद्यातले मूळपुरुष. पैठणात नाथांची दोन ठिकाणं आहेत. गावातलं नाथमंदिर, म्हणजे त्यांचा राहता वाडा, आणि नदीकाठचं समाधीमंदिर, जिथे १५९९ च्या फाल्गुन वद्य षष्ठीला त्यांनी गोदावरीत देह ठेवला. लोक त्यांना आतले नाथ आणि बाहेरचे नाथ म्हणतात. रावळातले आणि अंगणातले असावेत तसे. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी यांचा जन्म आणि समाधीही याच तिथीची मानतात, म्हणून षष्ठीचं महत्त्व पाचपटीने.

१५८४ साली, शके १५०६ मध्ये, नाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीनशे वर्षांत नकलांवर नकला होऊन पाठ बिघडले होते. अनेक पोथ्या समोर घेऊन त्यांनी मूळ पाठ लावला आणि शेवटी बजावून ठेवलं की ज्ञानेश्वरीत जो आपली मराठी ओवी घुसवील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली असं समजा. मी ही ओवी टेबलासमोर लावून ठेवली होती, लेखकांना धाक म्हणून. लेखकांना! नरोटी ठेवणारा हात तपासनिसाचाही असू शकतो, हे त्या फोनपर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

आणि ज्यांनी इतक्या कसोशीने एक अक्षर इकडचं तिकडे होऊ दिलं नाही त्यांनीच भारुडांत वाघ्या, मुरळी, जोशी, महार, भुत्या अशा सगळ्यांना आपापल्या तोंडाने बोलू दिलं. भागवतावरची टीका मराठीत लिहिली म्हणून काशीच्या पंडितांनी जाब विचारला, असं सांगतात. त्यांचं उत्तर त्या टीकेतच आहे. "संस्कृत वाणी देवें केली । तरी प्राकृत काय चोरापासोनि झाली ।" हे म्हणायला पैठणचाच माणूस लागतो. हालाच्या गाथा जिथल्या, गुणाढ्याने जिथली भाषा सोडली, रेडा जिथे बोलला, त्या गावात वाढल्याशिवाय आवाजात हा वैताग येत नाही. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींचा मुक्काम याच पैठणात होता. त्यांच्यामागे त्यांचे शिष्य नागदेवाचार्य यांनी पंथातल्याच केशवदेवांना संस्कृतात लिहू नका म्हणून अडवलं, "येणे माझिया म्हातारिया नागवतील." माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील. तेराव्या शतकातला हा हिशेब आमच्या शैलीपुस्तिकेत कुठल्याही पानावर नाही.

म्हाताऱ्यांवरून सांगते. संध्याकाळी आत्या घागर घेऊन निघाली. वाड्यात नाथांचा रांजण आहे. श्रीखंड्या नावाचा एक पोरगा नाथांकडे बारा वर्षं राबला, गोदावरीच्या कावडी आणून रांजण भरायचा, चंदन उगाळायचा. तो श्रीकृष्ण होता हे नाथांना तो निघून गेल्यावर कळलं. तुकाराम बीजेला रांजणाची पूजा होते आणि तेव्हापासून लोक नदीचं पाणी आणून त्यात ओतत राहतात. रांजण भरता भरत नाही. षष्ठीच्या आत केव्हातरी एकाच्या घागरीने तो भरून वाहू लागतो. ती घागर ज्याची, तो देव. गर्दीत येऊन, ओतून, निघूनही जातो.

आत्याचं वय अठ्ठ्याहत्तर. नदीवरून वाड्यापर्यंत ती तीनदा बसली. घागर मला घेऊ दिली नाही, "तुझी तू आण." म्हणून मी घाटाजवळच्या दुकानातून पितळी कळशी घेतली, दुकानदाराने 'यात्रा भाव' लावला. रांगेत पुढे परभणीकडची दिंडी होती, मागे एक नवरा-बायको, त्यांच्या कडेवरच्या पोराच्या हातात पाण्याची प्लास्टिकची बाटली. माझी पाळी आली. वाकले, कळशी तिरपी केली. पाण्याचा आवाज खोल गेला, जरा वेळाने वर आला. आत काळोख होता आणि काळोखात हलणारं काहीतरी. बस्स. मागून आवाज आला, "चला माउली, पुढं चला." पोराने बाटली ओतली, निम्मी माझ्या पायावर.

बाहेर आल्यावर मी आत्याला विचारलं, इतक्या वर्षांत तुझ्या घागरीने कधी भरला का गं? ती पायातल्या वहाणा शोधत होती. म्हणाली, "मला कसं दिसंल? म्या ओतून मागं वळलेली असती."

दुसऱ्या दिवशी चतुर्थीला मी निघाले. दोन पुस्तकं छापखान्यात जायची होती. पंचमीला दुपारी ऑफिसात फोन वाजला. पलीकडे टाळांचा गलका, त्यातून आत्या ओरडत होती, "भरला गं! आताच भरला!"

"कुणाच्या पाण्याने?" मीही ओरडले. आजूबाजूच्या दोघांनी माना वळवल्या.

"काय कळंना, लई गर्दी हाय. एक बाई म्हणती लहान पोरगं व्हतं." मग गलका वाढला, तिचं काही ऐकू येईना. पुन्हा आवाज जवळ आला. "तू एक दिस कामून थांबली न्हाईस?"